लीला नसलेली कादंबरी

बल्गेरिया या देशाशी आपल्या वाचकांचा परिचय बहुधा दोन नावांपुरता असतो. एक नाव पोप तेविसावे जॉन यांचे. परमगुरुपदावर येण्यापूर्वी, आर्चबिशप रोंकाली या नात्याने, १९२५ ते १९३४ अशी सुमारे नऊ वर्षे ते रोमचे प्रतिनिधी म्हणून सोफिया येथे राहिले होते. दुसरे नाव बिशप युजीन बोसिल्कोव्ह यांचे. त्यांना १९५२ साली सोफियाच्या मध्यवर्ती तुरुंगात गोळ्या घालण्यात आल्या. बाल्कन पर्वतराजीतील हा देश बहुतांशी ऑर्थोडॉक्स पंथाचा. कॅथलिक तेथे शंभरात एकही भरत नाही. तेव्हा आपली ओळख याहून पुढे गेली नाही, यात नवल नाही.

आज आम्ही येथे ज्या तिसऱ्या नावाचा परिचय करून देणार आहोत, ते नाव कॅथलिक माणसाचे नाही. तो माणूस संत नव्हता, हुतात्माही नव्हता. दिमितर दिमोव्ह हे व्यवसायाने पशुवैद्य, पुढे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि तीन कादंबऱ्यांचे लेखक होते. साम्यवादी राजवटीच्या वाङ्मयेतिहासात त्यांची गणना समाजवादी वास्तववादाच्या प्रमुख लेखकांत होते. गॉर्कीची ‘आई’ मराठी अनुवादातून वाचलेल्या आपल्या वडीलधाऱ्या पिढीला हा शब्दप्रयोग अपरिचित नसावा. दिमोव्ह मात्र त्या चौकटीत सुखाने बसणारे लेखक नव्हते. त्यांना त्या चौकटीत बसवण्यात आले, आणि हे कसे घडले याची हकिकत ख्रिस्ती साहित्य लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे.

त्यांचा जन्म २५ जून १९०९ रोजी लोव्हेच या गावी झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. १९१३ च्या बाल्कन युद्धात ते कामी आले, तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. आई दुपनित्सा गावची. तिने पुढे दुसरा विवाह केला. दिमोव्ह यांच्या बालपणावर या दुपनित्साची छाया पडलेली आहे, आणि दुपनित्सा म्हणजे तंबाखू. नैऋत्य बल्गेरियातील डोंगरउतारांवर पिकणारी ही तंबाखू लहान पानाची, उन्हात वाळवायची आणि वासाला मधुर असते. तिची तोड पहाटेच्या अंधारात, दव असताना करावी लागते. घरातील म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेही पाने ओवायला बसतात. पुढे ती पाने गावातील मोठमोठ्या वखारींत जातात आणि तेथे प्रत्येक पान हातांत घेऊन त्याची प्रतवारी होते. हे काम बहुतांशी बायकांचे होते. वखारीची दारे-खिडक्या बंद, हवेत तंबाखूची धूळ आणि त्या धुळीमागोमाग येणारा क्षय. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बल्गेरियाच्या निर्यातीत तंबाखूला पहिले स्थान होते आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते जर्मनी. गावच्या वखारमालकाचे नशीब बर्लिनमध्ये ठरत असे.

याच वखारींविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. मार्च १९४३ मध्ये बल्गेरियाच्या ताब्यातील ग्रीक प्रदेशातून हजारो ज्यू कुटुंबांना उचलण्यात आले, तेव्हा पोलंडमधील मृत्युछावण्यांकडे रवाना होण्यापूर्वी त्यांना दुपनित्सा आणि गोर्ना जुमाया या गावांतील वखारींत कोंडले होते. खुद्द बल्गेरियातील ज्यूंची पाठवणी मात्र लोकांच्या आणि ऑर्थोडॉक्स बिशपांच्या विरोधामुळे थांबली. त्या वर्षी इस्तंबूलहून राजा बोरिस यांना ज्यूंच्या वतीने पत्र लिहिणाऱ्यांत आर्चबिशप रोंकालीही होते. दिमोव्ह तेव्हा देशात नव्हते.

१९३४ साली त्यांनी सोफिया विद्यापीठातून पशुवैद्यकाची पदवी घेतली आणि काही वर्षे ठिकठिकाणी सरकारी पशुवैद्य म्हणून नोकरी केली. १९३८ मध्ये ‘पोरुचिक बेन्त्स’ ही पहिली कादंबरी आली. पहिल्या महायुद्धाच्या काळातील एका जर्मन अधिकाऱ्याच्या विनाशक प्रेमाची ही कथा. तिच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. पुढील वर्षी ते शरीररचनाशास्त्राच्या विभागात साहाय्यक झाले. दिवसा शवविच्छेदन आणि रात्री लेखन असा त्यांचा क्रम अखेरपर्यंत चालू राहिला. प्राध्यापकपद मिळाल्यावरही त्यांनी अध्यापन सोडले नाही. त्यांच्या गद्यात भावनेचा कढ फारसा येत नाही. माणसाच्या मनातील लोभ, वासना, भीती ही सारी ते एखाद्या स्नायूसारखी सोडवून दाखवतात, हा कदाचित त्या शिक्षणाचाच परिणाम असावा.

१९४३ च्या आरंभी ते स्पेनला गेले. नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ रामोन इ काहाल यांच्या नावाची संशोधनसंस्था माद्रिदमध्ये होती. तेथे मज्जापेशींचा अभ्यास करण्यासाठी ते वर्षभर राहिले. स्पेनचे यादवी युद्ध संपून तेव्हा चार वर्षे लोटली होती. जनरल फ्रँकोची सत्ता स्थिरावली होती, शहरात उपासमार होती आणि विजयी पक्षाच्या मिरवणुकांत वेदीवरील वस्त्रे व लष्करी गणवेश शेजारी शेजारी चालत होते. हा पशुवैद्य सूक्ष्मदर्शकातून मेंदूचे पापुद्रे पाहत होता आणि संध्याकाळी रस्त्यांवरून स्पेन पाहत होता. परतल्यावर १९४५ मध्ये त्यांची ‘ओसादेनी दुशी’, म्हणजे ‘शापित आत्मे’, ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

कॅथलिक वाचकाला या कादंबरीशी झगडावे लागते. तिची नायिका फॅनी हॉर्न ही एक श्रीमंत, स्वैर इंग्रज तरुणी. तिला स्पेनमध्ये एक येशूसंघीय धर्मगुरू भेटतो, फादर रिकार्दो एरेदिया. तो देखणा आहे, कुलीन घराण्यातला आहे, वैद्य आहे, आणि आपल्या व्रतात पोलादासारखा ताठ आहे. फॅनी त्याच्या प्रेमात पडते. यादवी युद्ध भडकते आणि पेन्या रोंदा नावाच्या उजाड जागी टायफसच्या रोग्यांसाठी तंबूंची एक छावणी उभी राहते. एरेदिया तिचा प्रमुख असतो. फॅनीचा पैसा या छावणीत येतो आणि पैशामागोमाग तीही येते. सेवेच्या इच्छेने ती आलेली नसते. तिला तो धर्मगुरू हवा असतो. तिच्यावर जिवापाड माया करणारा फ्रेंच डॉक्टर मित्र त्या छावणीतच टायफसने दगावतो. एरेदिया तिच्यापुढे कधीच नमत नाही. अखेरीस फॅनी त्याच्यावर गोळी झाडते, आणि उरलेले आयुष्य मॉर्फिनच्या सुईवर ढकलत राहते. कादंबरीच्या आरंभी आपल्याला भेटते ती ही उद्ध्वस्त फॅनी. मागची कथा नंतर उलगडत जाते.

साम्यवादी समीक्षकांनी या कादंबरीत धर्मांधतेवरील प्रहार तेवढा पाहिला. प्रहार आहेच. एरेदियाला रोग्याच्या देहाहून राजाच्या सिंहासनाची आणि आपल्या संघाच्या कीर्तीची चिंता अधिक आहे. त्याच्या श्रद्धेत करुणेचा ओलावा नाही. त्याच्यासमोर मरणारा शेतकरी त्याला एक आत्मा म्हणून दिसतो, भुकेला माणूस म्हणून दिसत नाही. आमच्या मते येथे लेखकाचा काही अन्यायही झाला आहे. त्या यादवीत स्पेनमध्ये सुमारे सात हजार धर्मगुरू, व्रतस्थ आणि भगिनी मारल्या गेल्या. त्यांतील कित्येकांचा गुन्हा अंगावरील झग्यापलीकडे काहीही नव्हता. येशूसंघावर तर युद्धाआधीच, १९३२ मध्ये, तेथील सरकारने बंदी घातली होती. दिमोव्ह यांनी विजयी ख्रिस्तसभा डोळ्यांनी पाहिली. रक्ताने न्हालेली ख्रिस्तसभा त्यांना पाहावयास मिळाली नाही, आणि कादंबरीचा भर तिकडे नाही.

तरीही हे पुस्तक धर्मद्वेष्ट्याचे पुस्तक आहे असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही. द्वेष्ट्याने एरेदियाला ढोंगी केले असते. त्याला फॅनीच्या तंबूत पाठवून वाचकाला टाळी वाजवावयास लावली असती. त्याला भित्रा तरी केले असते. यांपैकी काहीही दिमोव्ह करीत नाहीत. हा धर्मगुरू उवांनी भरलेल्या, तापाने बरळणाऱ्या रोग्यांत रात्रंदिवस उभा असतो. त्याला मरणाचे भय नाही. आपले व्रत तो मोडीत नाही. आणि एवढे सारे असूनही तो शापित आहे, असे लेखक म्हणतो. ज्याच्यापाशी भविष्यवाणी आहे, ज्ञान आहे, डोंगर हलवणारा विश्वास आहे, पण प्रीती नाही, त्याच्याविषयी संत पौलाने करिंथकरांना काय लिहिले ते आपण विवाहाच्या मिस्सेत वरचेवर ऐकतो. एका नास्तिक शरीरशास्त्रज्ञाने नकळत त्या अध्यायावरच भाष्य लिहिले आहे, असे आम्हांस वाटते. मेजवानीच्या गडबडीत कानांवरून जाणारा तो अध्याय किती कठोर आहे, हे एरेदियाकडे पाहून उमगते.

यानंतर त्यांनी हाती घेतला तो बालपणापासून नाकात बसलेला वास. ‘त्युत्यून’, अर्थात ‘तंबाखू’, ही कादंबरी १९५१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिची सुरुवात द्राक्षमळ्यातील तोडणीच्या दिवसांत होते. इरिना ही गावच्या पोलिसाची मुलगी, बोरिस मोरेव्ह हा लॅटिन शिकवणाऱ्या गरीब मास्तरांचा मुलगा. दोघांचे प्रेम जमते. परंतु बोरिसला गरिबीचा एवढा तिटकारा आहे की ‘निकोतियाना’ या तंबाखूच्या कंपनीत शिरकाव होताच तो मालकाच्या मुलीशी, मारियाशी, लग्न करतो. मारियाला असाध्य आजार जडतो. बोरिस कंपनीचा सर्वेसर्वा होतो. इरिना तोवर वैद्यकी शिकून डॉक्टर झालेली असते. ती त्याच्या आयुष्यात परत येते आणि हळूहळू त्याच्याइतकीच पोकळ होत जाते. जर्मन गिऱ्हाईक खूश राहावे म्हणून स्वतःच्या स्त्रीलाही व्यवहारात गुंतवण्यास बोरिस मागेपुढे पाहत नाही. बोरिसचे दोन्ही भाऊ कम्युनिस्ट चळवळीत आहेत. मालक झालेल्या या भावाशी त्यांचा मार्ग कोठेच जुळत नाही.

कामगारांच्या बाजूला ‘तोंगा’ नावाच्या पद्धतीविरुद्धचा झगडा येतो. आपल्याकडील टांग्याशी या शब्दाचा काही संबंध नाही. प्रतवारीचे काम सोपे करून टाकण्याच्या पद्धतीला तेथे ‘तोंगा’ म्हणत. काम सोपे झाले की कसबी पुरुष कामगारांना काढून टाकता येई आणि थोड्या मजुरीवर बायकांना घेता येई. या प्रश्नावर १९३६ मध्ये बल्गेरियात तंबाखू कामगारांचा मोठा संप झाला होता. कादंबरीतील संपाला त्याच काळाचा आधार आहे.

परंतु वाचकाच्या मनात घर करून राहतो तो कोस्तोव्ह. हा निकोतियानाचा तंबाखूतज्ज्ञ. उंची कपड्यांचा शौकीन, म्हातारपण लपवणारा, मालकाच्या प्रत्येक पापाचा मूक साक्षीदार. युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, ग्रीसच्या थासोस बेटावर, त्याला मलेरियाने आजारी असलेली एक अनाथप्राय ग्रीक मुलगी दिसते. बाहेर राज्य कोसळते आहे, जर्मन सैन्य माघार घेते आहे, लाखोंची तंबाखू कोठे हलवावी या विवंचनेत मालक आहेत. आणि हा छानछोकी म्हातारा एका पोरक्या पोरीसाठी औषध शोधत धावतो आहे. आयुष्यात प्रथमच त्याला काहीतरी वाचवायचे असते. मुलगी मरते. पुढे कोस्तोव्ह स्वतःच्या हाताने आपले जीवन संपवतो. ती पाने वाचून आम्ही पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले होते. बोरिस मलेरियाने आणि मद्याने खंगून मरतो, इरिनाचा शेवटही आत्मघातात होतो. पापाचे वेतन मरण आहे हे वचन लेखकाने कोठेही उद्धृत केलेले नाही. त्याची गरजही पडत नाही.

अशी ही कादंबरी साम्यवादी राजवट येऊन सात वर्षे झालेल्या देशात प्रसिद्ध झाली. त्या काळी साहित्याला एक आचारसंहिता लागू होती. १९३४ च्या मॉस्कोतील लेखक-अधिवेशनात समाजवादी वास्तववाद हीच अधिकृत रीत ठरली होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती पूर्व युरोपभर लागू झाली. लेखकाने वास्तव दाखवावे, परंतु ते उद्याच्या विजयाकडे वाटचाल करणारे वास्तव असावे. कथेच्या केंद्रस्थानी ‘सकारात्मक नायक’ असावा. तो कामगार असावा, पक्षाच्या मार्गदर्शनाखाली चालणारा असावा, आणि त्याच्या मनात संशय आलाच तर तो प्रकरण संपण्यापूर्वी फिटावा.

‘तंबाखू’त असे कोणी नव्हते. अधिक नेमके सांगायचे तर कम्युनिस्ट पात्रे होती, पण त्यांच्यावर प्रकाश कमी पडला होता. सारा उजेड इरिना, बोरिस आणि कोस्तोव्ह या बुडणाऱ्या माणसांवर. फेब्रुवारी १९५२ मध्ये बल्गेरियन लेखकसंघात या कादंबरीवर चर्चा ठेवण्यात आली. एका बैठकीत ती आटोपली नाही. लेखक समोर बसलेला आणि सहकारी एकामागून एक उठून आरोप करीत आहेत. फ्रॉइडची छाया आहे, भांडवलदारांविषयी सहानुभूती आहे, कामवासनेचे चित्रण आहे, कामगारवर्ग दुय्यम झाला आहे. काहींनी बाजूही घेतली, पण त्या दिवसांत असे आरोप केवळ वाङ्मयीन नसत. त्यांचा शेवट कोणत्याही दाराशी होऊ शकत असे. डॅन्यूब नदीतील बेलेने बेटावरची छावणी १९४९ पासून चालू झालेली होती.

आणि मग वारे फिरले. १६ मार्च १९५२ रोजी ‘राबोत्निचेस्को देलो’ या पक्षाच्या मुखपत्रात एक लेख आला. त्यात कादंबरीची पाठराखण केलेली होती आणि तिच्या टीकाकारांची खरडपट्टी काढलेली होती. देशाचे सर्वेसर्वा व्हल्को चेर्वेन्कोव्ह यांना कादंबरी आवडली होती. काल जे तावातावाने बोलत होते ते आज गप्प झाले. दिमोव्ह यांना देशातील मानाचे दिमित्रोव्ह पारितोषिकही मिळाले. एवढ्यावर थांबले तर ही सुखान्त कथा वाटेल. परंतु त्या शाबासकीतच एक सूचना होती. कादंबरी थोर आहे, मात्र कामगारवर्गाचे चित्रण अधिक सखोल व्हावे. छळ करणाऱ्याला नकार देणे सोपे नसतेच, पण पाठ थोपटणाऱ्याला नकार देणे त्याहून अवघड असते, हे आपल्यापैकी अनेकांनी लहानसहान बाबतींत अनुभवले असेल.

दिमोव्ह पुन्हा लिहावयास बसले. पुढील दोनेक वर्षांत सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्यात दोनशेहून अधिक नवी पाने होती आणि एक नवी नायिका होती. तिचे नाव लीला. नाव ऐकून आपल्या वसई-अलिबागकडची कोणी मुलगी वाटावी, पण ती तंबाखू कामगाराची मुलगी आहे. बुद्धिमान, करारी, शिस्तबद्ध. बोरिसचा भाऊ पावेल याच्याशी तिचे नाते जुळते. ती संपात पुढे असते, अभ्यासवर्ग घेते, आणि इरिना जेथे जेथे घसरते तेथे तेथे लीला ठाम उभी राहते. कारागीर हाताचा पक्का असल्यामुळे ही भर अगदीच ठिगळासारखी दिसत नाही. संपाची काही नवी प्रकरणे तर खरोखर ताकदीची आहेत, आणि अनेक बल्गेरियन वाचकांनी पुढे चाळीस वर्षे हीच कादंबरी वाचून तिच्यावर प्रेम केले. पण पुस्तक मिटल्यावर आठवते ती इरिना. आठवतो तो कोस्तोव्ह. लीलेचे सद्गुण आठवतात, लीला आठवत नाही.

असे का व्हावे? दिमोव्ह यांना चांगुलपणा रंगवता येत नव्हता, हे उत्तर आम्हांस पटत नाही. मरणाऱ्या मुलीपाशी बसलेला कोस्तोव्ह हाही चांगुलपणाच आहे, आणि तो काळजाला भिडतो. तो चांगुलपणा लेखकाला सापडलेला आहे, लीलेचा त्याच्याकडे मागितलेला आहे. मागणीबरहुकूम घडवलेल्या पात्राला परीक्षाच नसते. ती हरण्याची शक्यताच नसते, म्हणून तिच्या जिंकण्याला मोल येत नाही. इरिनाला प्रत्येक पानावर दोन वाटा फुटतात.

हे लिहिताना आमची नजर सोफियावरून घराकडे वळल्याशिवाय राहत नाही. लीला आपल्याकडे नाही काय? आपल्या संतचरित्रांत पाळण्यातही शुक्रवारी दूध न पिणारी बाळे आहेत. सणाच्या नाटकांतील धर्मगुरू तिसऱ्या अंकात येऊन सर्वांची भांडणे मिटवतो, आणि त्याला स्वतःला कधी राग येत नाही, झोप येत नाही, एकटेपणा वाटत नाही. एखाद्या कथेत धर्मग्रामातील कोणी प्रतिष्ठित गृहस्थ दारू पिताना दिसला, की समाजाची बदनामी झाली म्हणून पत्रे येतात. पक्षाला जशी आपली प्रतिमा उजळ हवी होती, तशी आपल्यालाही हवी असते. आपल्यापाशी छावण्या नाहीत, हा फरक लहान नव्हे. परंतु लेखकाच्या पाठीवर थाप मारून ‘छान आहे, फक्त थोडे आपल्या श्रद्धेला धरून करा’ असे सांगण्याची कला आपल्यालाही अवगत आहे. वास्तविक पवित्र शास्त्र इतके भिडस्त नाही. त्यात दाविदाचे पाप आहे, पेत्राचा नकार आहे, आणि कोंबड्याचे आरवणेही आहे. चारही शुभवर्तमानकारांनी पेत्राचा नकार लिहून ठेवला. प्रारंभीच्या मंडळीने आपल्या पहिल्या प्रमुखाची ही लाज झाकावी असा हुकूम केलेला दिसत नाही.

ज्या वर्षी ‘तंबाखू’वर वादळ उठले आणि शमले, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात सोफियात दुसरी एक सुनावणी झाली. तिला संपादकीय लेखाने वाचवले नाही. १९५२ च्या जुलैमध्ये निकोपोलचे बिशप युजीन बोसिल्कोव्ह यांना अटक झाली. ते पॅशनिस्ट संघाचे, आणि जन्म बेलेनेचा. ज्या गावाजवळच्या बेटावर पुढे छावणी उभी राहिली तेच हे गाव. १९४८ मध्ये ते रोमला जाऊन आले होते. तेथेच राहून जीव वाचवणे शक्य होते, पण ते आपल्या लोकांकडे परतले. रोमशी नाते तोडावे ही राज्यकर्त्यांची अपेक्षा त्यांनी मानली नाही. सुमारे चाळीस कॅथलिकांवर एकत्र खटला चालला आणि ३ ऑक्टोबर रोजी निकाल लागला. ११ नोव्हेंबरच्या रात्री बिशप बोसिल्कोव्ह आणि त्यांच्याबरोबर असम्प्शनिस्ट संघाचे तीन धर्मगुरू, कामेन विचेव्ह, पावेल जिजोव्ह आणि जोसाफात शिश्कोव्ह, यांना गोळ्या घालण्यात आल्या. पोप दुसरे जॉन पॉल यांनी बिशप बोसिल्कोव्ह यांना १५ मार्च १९९८ रोजी रोममध्ये, आणि त्या तिघांना २६ मे २००२ रोजी बल्गेरियाच्या प्लोव्दिव्ह शहरात, धन्यवादित घोषित केले.

एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच सत्तेने दोन माणसांपुढे दुरुस्तीचा कागद ठेवला. एकाने तो परत केला, दुसऱ्याने त्यावर दोनशे पाने लिहिली. दिमोव्ह यांना यावरून भित्रा ठरवण्याचा मोह होतो, पण तो आम्ही टाळतो. रक्तसाक्षित्व हे बोलावणे आहे. ज्यांना ते आले नाही, त्यांनी दुसऱ्याच्या गळ्याचे माप घेऊ नये. शिवाय त्या पक्षाच्या बाजूनेही मरण पत्करणारे लोक होऊन गेले होते. कवी निकोला वाप्त्सारोव्ह यांना २३ जुलै १९४२ रोजी, त्यापूर्वीच्या राजवटीने, सोफियातच गोळ्या घातल्या होत्या. ज्या ध्येयासाठी वाप्त्सारोव्ह मेले, त्याच ध्येयाच्या नावाने दहा वर्षांनी बोसिल्कोव्ह मारले गेले. मधल्या जागेत दिमोव्ह यांच्यासारखी माणसे नोकरी करीत, संसार करीत, जमेल तेवढे खरे लिहीत होती. आपल्यापैकी बहुतेकांची जागा तीच आहे.

‘तंबाखू’नंतर त्यांच्या हातून एकही कादंबरी पुरी झाली नाही, ही गोष्ट मात्र विसरता येत नाही. ४२ व्या वर्षी एवढी मोठी कृती लिहिणारा लेखक पुढची पंधरा वर्षे जगला. त्याने नाटके लिहिली. ‘भूतकाळ असलेल्या स्त्रिया’, ‘अपराधी’, आणि १९६३ चे ‘आर्को इरिसमधील विश्रांती’. या शेवटच्या नाटकात तो पुन्हा स्पेनला, यादवी युद्धाकडे वळला. कादंबरीवर १९६२ मध्ये निकोला कोराबोव्ह यांनी चित्रपट काढला. नेवेना कोकानोव्हा या अभिनेत्रीने त्यात इरिनाची भूमिका केली आणि तो चित्रपट पुढील वर्षी कान येथील महोत्सवात दाखल झाला. १९६४ मध्ये दिमोव्ह बल्गेरियन लेखकसंघाचे अध्यक्ष झाले. ज्या संघात बारा वर्षांपूर्वी त्यांना आरोप ऐकत बसावे लागले होते, त्याच संघाचे. या पदावर असतानाच, १ एप्रिल १९६६ रोजी, रुमानियाच्या दौऱ्यावर बुखारेस्ट येथे त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय छप्पन्न. टेबलावर एक अपुरी कादंबरी राहिली होती. तिला नावही दिलेले नव्हते.

१९८९ मध्ये राजवट पडली आणि १९९२ मध्ये ‘तंबाखू’ची १९५१ ची मूळ संहिता सोफियात पुन्हा छापण्यात आली. चाळीस वर्षे शाळेत सुधारलेली आवृत्ती शिकलेल्या वाचकांच्या हाती ही जुनी कादंबरी नव्याने आली. द्राक्षांची तोडणी तीच, वखार तीच, थासोस बेटावरची ती आजारी मुलगी आणि तिच्यासाठी धावणारा म्हातारा तोच. लीला मात्र तिच्यात कोठेही नाही.